पडलेल्या पोफळी आणि ‘लव्हाळी’

जोडून सुट्टी आली की बुधवारपासूनच मोबाइलवर याद्या यायला लागतात. ‘या वीकएंडला काय वाचाल’, ‘पावसात वाचायलाच हवीत अशी सात पुस्तकं’. फोटो ठरलेला असतो. खिडकीची काच, काचेवर थेंब, वाफाळता चहा आणि बाजूला पालथं ठेवलेलं पुस्तक. मला या याद्या आवडतात, खोटं कशाला बोलू. त्यातली निम्मी पुस्तकं मी सेव्ह करून ठेवते आणि जवळजवळ एकही वाचत नाही. पण तो फोटो मात्र मला कधी जमला नाही. आम्ही फणसवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या खिडकीच्या एका तावदानाला काचेऐवजी कॅलेंडरचा पुठ्ठा आहे, आणि पाऊस तिरका लागला की पुस्तकाच्या आधी तिथे बादली ठेवावी लागते.

हे लिहायला घेतलं ते एका जुन्या वीकएंडमुळे. ऑगस्ट २०२०. शनिवारी १ तारखेला बकरी ईद, मधे रविवार, सोमवारी ३ तारखेला नारळी पौर्णिमा. ऑफिसने राखीची सुट्टी दिली होती. लॉकडाऊनमध्ये सुट्टीला तसा अर्थ नव्हता, पण लॅपटॉप तीन दिवस बंद राहणार एवढा आनंद पुरेसा होता. चार पुस्तकं फोनवर उतरवून घेतली. एकही उघडलं नाही. तीन दिवस मी सीरिज बघितली.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात. आता खवळणं पुरे, शांत हो, होड्या बाहेर पडायच्या आहेत, असं ते सांगणं. त्या वर्षी समुद्राने ते ऐकलेलं दिसलं नाही. बुधवारी, ५ ऑगस्टला, कुलाब्याला ताशी १०६ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची नोंद झाली. चोवीस तासांत तिथे ३३० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. मरीन ड्राइव्हला, गिरगाव चौपाटीच्या बाजूला, जिथे पाणी तुंबलेलं आमच्या वडीलधाऱ्यांना फारसं आठवत नाही तिथे पाणी भरलं. झाडं किती पडली ते मोजत बसायला कुणाला वेळ नव्हता. या वादळाला नाव नव्हतं. दोन महिन्यांपूर्वीच्या ‘निसर्ग’ला होतं, पुढच्या मे महिन्यातल्या ‘तौक्ते’ला होतं. हे मधलंच एक, बिननावाचं, त्यामुळे आता लोकांना सांगितलं तर ‘कुठलं वादळ गं?’ असं विचारतात.

आमच्या चाळीचे गच्चीवरचे पत्रे गेले, त्यावरची निळी ताडपत्री समोरच्या इमारतीच्या अँटेनात अडकली, दिवे गेले. गुरुवारी सकाळी प्रत्येक गॅलरीच्या कठड्यावर गाद्या. पाऊस थांबलेला नव्हता, त्यामुळे गाद्या वाळत घातल्या होत्या की निथळत हे सांगणं अवघड होतं. पुस्तकांच्या कपाटावरही गळती झाली होती. ती पुस्तकं पुसताना बाबांच्या दोन पेंडसे हाताला लागल्या: ‘गारंबीचा बापू’ आणि ‘लव्हाळी’. दुसरीचा पुठ्ठा फुगला होता. लाइट नाही, फोन अठरा टक्क्यांवर, शुक्रवारी ऑफिसने ‘तू बघ घरचं’ म्हणून सूट दिली, पुढे शनिवार-रविवार. म्हणजे खरी जोडून सुट्टी मला वादळाने दिली. दिवसा उजेड असेपर्यंत वाचायचं आणि पानं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधेमधे वर्तमानपत्राचे तुकडे घालत जायचं, असं ते वाचन झालं.

त्या तीन दिवसांत मला जे दिसलं ते साहित्याबद्दल होतं, म्हणून इथे मांडते.

मराठीत वादळाची कमतरता नाही. मनात वादळ उठतं, विचारांचं वादळ येतं, आयुष्यात वादळं येतात आणि जातात. कथेत नायिका घर सोडायच्या रात्री हटकून विजा चमकतात. सिनेमात तर दार आपटल्याशिवाय कुणाला सत्य कळतच नाही. या सगळ्या वादळांचं एक साम्य आहे: सकाळ झाली की ती संपतात. दुसऱ्या दिवशी कुणी कौलं शोधत फिरत नाही. वादळ येतं ते कथानकाला धक्का द्यायला, आणि धक्का देऊन झाला की त्याचं काम संपतं. गादी वाळायला किती दिवस लागतात हे त्या कथेला माहीत नसतं.

अमिताव घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या २०१६ च्या पुस्तकात याच्या उलट बाजूने तक्रार केली आहे. १७ मार्च १९७८ रोजी ते दिल्ली विद्यापीठात शिकत असताना उत्तर दिल्लीत अचानक चक्रीवात आला, आणि ते त्यात सापडले. एका बाल्कनीच्या आडोशाला अंग चोरून बसले म्हणून वाचले. इतका विलक्षण अनुभव, पण पुढे कादंबऱ्या लिहिताना तो त्यांना एकदाही वापरता आला नाही. का? तर घोष म्हणतात, आधुनिक कादंबरी शक्यतेच्या हिशेबावर उभी आहे. रोज घडतं ते तिला चालतं, लाखात एकदा घडणारं आलं की वाचकाला ते बनाव वाटतं. त्यासाठी ते इटालियन समीक्षक फ्रान्को मोरेट्टींचा आधार घेतात. मोरेट्टींचं म्हणणं असं की एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीने दोन मोठ्या प्रसंगांच्या मधली जागा, चहापाणी, गप्पा, भेटीगाठी, घरकाम, ही ‘फिलर’ची जागा वाढवत वाढवत कादंबरीचाच गाभा करून टाकली. मग वादळाला आत यायला दारच उरलं नाही.

याच पुस्तकात मुंबईवर एक लांब प्रकरण आहे. मोठं चक्रीवादळ थेट या शहरावर आलं तर काय होईल हा प्रश्न घोष यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या ॲडम सोबेल या हवामानशास्त्रज्ञांना विचारला, आणि समुद्र बुजवून केलेल्या या चिंचोळ्या शहरातून माणसं हलवायची कशी, याचं वर्णन इतकं नेमकं केलं की दक्षिण मुंबईत राहणाऱ्या माणसाने ते रात्री वाचू नये. मी वाचलं आणि नंतर गच्चीवर जाऊन समुद्राची दिशा बघून आले.

पण गुरुवारी गाद्या निथळत असताना मला वाटलं की घोष यांचा हिशेब एका ठिकाणी चुकतो. वादळ कादंबरीत मावत नाही, हे एक वेळ मान्य. पण वादळ असतंच किती वेळ? आमच्याकडे ते चार-पाच तास होतं. त्यानंतर जे सुरू झालं ते अथपासून इतिपर्यंत ‘फिलर’च होतं. मेणबत्त्या कुठे ठेवल्या. खालच्या आजींचं इन्सुलिन कुणाच्या फ्रिजमध्ये ठेवायचं, कारण पलीकडच्या इमारतीत लाइट आहेत. पत्रेवाला कधी येणार, आला तर लॉकडाऊनमध्ये त्याला पोलिस अडवणार का. घोष ज्याला कादंबरीची मर्यादा म्हणतात, तीच इथे तिची ताकद ठरायला हवी. रोजचं जगणं बारकाईने नोंदवणारा प्रकार वादळानंतरच्या दिवसांसाठी जितका योग्य, तितका दुसरा कुठला? मग त्या दिवसांच्या कादंबऱ्या आपल्याकडे का आठवत नाहीत?

(जाता जाता: माणसापलीकडचं जग नजरेआड न करणाऱ्या भारतीय लेखकांची नावं घेताना घोष मराठीतून विश्वास पाटील यांचं नाव घेतात. ‘झाडाझडती’ ज्यांनी वाचली आहे त्यांना ते पटेल. पण पाटलांच्या धरणग्रस्तांना पाणी येणार हे वर्षानुवर्षं आधी माहीत असतं, नकाशावर रेघ मारलेली असते. वादळाचं तसं नसतं.)

तर पेंडसे. श्री. ना. पेंडसे यांचा जन्म १९१३ चा, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा. लहानपणी मुंबईत आले, आयुष्यभर ‘बेस्ट’मध्ये नोकरी केली, त्या उपक्रमाचा इतिहासही लिहिला. म्हणजे ज्या संस्थेचे दिवे त्या आठवड्यात आमच्याकडे नव्हते, तिथल्याच एका नोकरदाराचं पुस्तक मी खिडकीच्या उजेडात वाचत होते. त्यांचं गाव आणि आमचं गाव एकाच किनाऱ्यावर आहे. आमचं केळशी आणि हर्णैच्या मधे कुठेतरी, नाव सांगून उपयोग नाही, नकाशावर झूम केलं तरी दिसत नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या झाल्या. त्यात आमच्या काकांचं आगर होतं.

काकांशी आठ दिवस बोलणंच झालं नाही. टॉवर पडले होते. नवव्या दिवशी ते डोंगराच्या कडेला, जिथे दुसऱ्या कंपनीची रेंज येते तिथे चालत गेले आणि बाबांना फोन केला. ‘माणसं आहेत सगळी,’ एवढं आधी सांगितलं. मग म्हणाले, ‘घरातून समुद्र दिसतो रे आता.’

हे वाक्य कळायला कोकणातलं आगर माहीत हवं. घर आणि समुद्र यांच्यामधे नारळ-पोफळींची दाटी असते. नारळ वर, त्याखाली पोफळी, पोफळीवर मिरीचे वेल चढवलेले, त्यांच्या सावलीत जायफळ आणि केळी. एकावर एक असे मजले. आमची चाळ जशी. वरचा मजला गेला की खालच्यांचं काही खरं नाही: पोफळ पडली की मिरीचा वेल जातो, सावली गेली की जायफळ उन्हाने करपतं. बाहेरच्याला पडलेली झाडं दिसतात. काकांना दिसत होतं ते पुढच्या उन्हाळ्यात मरणारं झाड, जे जूनमध्ये अजून उभं होतं.

‘गारंबीचा बापू’ १९५२ ची कादंबरी. लोकांना ती आठवते ती नाटकातल्या काशीनाथ घाणेकरांमुळे, बापू-राधेच्या प्रकरणामुळे, अण्णा खोताच्या दराऱ्यामुळे. गरीब घरातला, सगळ्यांनी ओवाळून टाकलेला पोरगा, चहाचं दुकान चालवणाऱ्या राधेबरोबर उघडपणे राहतो, गाव त्याला वाळीत टाकतं, आणि शेवटी व्यापारात पैसा मिळवून तो त्याच गावाला वाकायला लावतो. शाळेत असताना मी ही प्रेमकथा म्हणून वाचली होती. वादळाच्या वीकएंडला मला ती वेगळीच वाटली. गारंबीत प्रत्येकाची किंमत जमिनीवर आणि जमिनीतून येणाऱ्या उत्पन्नावर ठरते. खोत मोठा का, तर कुणी कसायचं आणि कुणी खायचं हे तो ठरवतो. बापूचं बंड राधेपासून सुरू होतं, पण ते टिकतं पैशामुळे. आणि या किनाऱ्यावर पैसा म्हणजे अखेर झाडंच. पेंडसे ती अर्थव्यवस्था समजावून सांगत नाहीत, तिच्यात माणसं वाढवतात. म्हणून हे पुस्तक बाजूला ठेवून काकांचा फोन घेतला की काका काय बोलतायत ते जास्त कळत होतं.

काका त्या दिवसांत पंचनाम्याबद्दल बोलत. सरकारने फळबागांसाठी मदत वाढवून हेक्टरी ५० हजार केली होती. ऐकायला बरी वाटते. पण हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे, आणि आमच्या काकांचं आगर अकरा गुंठे. करा भागाकार. साडेपाच हजार. कोकणातल्या आगरांची मापं हेक्टरात मोजायची म्हणजे पायातली जोडवी फुटपट्टीने मोजण्यासारखं आहे. पुढे ओरड झाल्यावर झाडागणिक मदत आली: नारळाला अडीचशे रुपये, सुपारीला पन्नास. पोफळीचं रोप लावलं की पीक यायला सहा-आठ वर्षं. पन्नास रुपये भागिले सात वर्षं. हाही भागाकार करून बघा.

समीक्षेच्या लेखात हा हिशेब कशाला, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, वादळाबद्दल लिहिणाऱ्या लेखकाला ही गणितं सुचतात की नाही यावरच त्याची परीक्षा आहे. वाऱ्याचा वेग बातमीत असतो. झाडाचा वेळ कादंबरीत असायला हवा. पेंडशांना तो होता. त्यांच्या मोठ्या कादंबऱ्या पिढ्यांच्या मापाने चालतात, ‘तुंबाडचे खोत’ तर चार पिढ्यांची. नातवाने खायचं म्हणून आजोबा झाड लावतो, या चालीने. आपण मात्र त्यांना ‘प्रादेशिक कादंबरीकार’ असं लेबल लावून ज्या फळीवर ठेवलं ती फळी सुट्टीत गावी जाण्याची आठवण आली तरच हाताळायची, असा समज करून घेतला. कोकण म्हणजे लाल माती, फणस आणि आजी. प्रत्यक्षात पेंडशांच्या कोकणात सगळ्यात जास्त काय असेल तर मालकी आणि भांडणं.

त्यांच्यात दोष नाहीत असं नाही. पेंडशांना ताठ माणसं फार आवडतात. बापू, ‘हद्दपार’मधले राजेमास्तर, तुंबाडचे ते सगळे खोत. मोडतील पण वाकणार नाहीत असे पुरुष दिसले की त्यांची लेखणी खूश होते. निसर्गही मग त्यांच्यासारखाच रांगडा, उग्र होतो, आणि एखाद्या संध्याकाळी तो फक्त नायकाच्या रागाची पार्श्वभूमी म्हणून उभा राहतो. तेवढ्यापुरते पेंडसे त्या विजा चमकवणाऱ्या सिनेमांच्या जवळ जातात. ताठ माणूस वादळाच्या रात्री शोभतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फारसा उपयोगाचा नसतो, तेव्हा बादल्या धरणारी माणसं लागतात.

गंमत म्हणजे हे पेंडशांनाच सुचलं असावं, कारण १९६६ साली त्यांनी ‘लव्हाळी’ लिहिली. ही मुंबईची कादंबरी. सर्वोत्तम साटम नावाचा एक साधा कारकून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डायरी लिहितो, एवढंच तिचं रूप. नावामागे तुकोबांची ती प्रसिद्ध प्रतिमा आहे: पुरात मोठी झाडं वाहून जातात आणि वाकणारं लव्हाळं मागे राहतं. ताठ माणसांच्या लेखकाने वाकणाऱ्यांवर लिहिलेलं हे पुस्तक आहे, आणि माझ्या मते त्यांचं सगळ्यात कमी वाचलं गेलेलं चांगलं पुस्तक आहे. सुट्टीच्या याद्यांत मी ते कधी पाहिलेलं नाही.

डायरी या रूपाची मला त्या तीन दिवसांत खूप किंमत वाटली. डायरी लिहिणाऱ्याला उद्या काय होणार ते माहीत नसतं. कुठली गोष्ट महत्त्वाची ठरणार हेही माहीत नसतं. त्यामुळे तो जगातली मोठी उलथापालथ आणि घरातली कुरबूर एकाच शाईने, एकाच अक्षरात लिहितो. मुंबईत १९४३ च्या मे महिन्यात रेशनिंग सुरू झालं. इतिहासाच्या पुस्तकात ती एक ओळ असते, कारकुनाच्या घरात ती रोजची रांग असते. घोष यांना हवं असलेलं दार इथे आहे असं मला वाटतं. प्रचंड काहीतरी घडतंय, आणि ते नायकाच्या पराक्रमातून न येता तेलाच्या भावातून, ऑफिसातल्या कुजबुजीतून, घरी उशिरा पोचण्यातून आत येतंय. युद्धाच्या जागी हवामान ठेवा. रूप तसंच चालतं.

माझ्याकडे त्या वीकएंडला डायरी नव्हती, पण चाळीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. फोन पुन्हा चार्ज झाल्यावर मी तो वर सरकवून वाचला. ‘पाणी किती वाजता येणार?’ ‘ज्यांची हिरवी बादली आहे त्यांनी घेऊन जावी.’ ‘ताडपत्रीचे प्रत्येकी ४०० काढा.’ मधेच गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल. पुन्हा ताडपत्री. साटमच्या डायरीचा हा आजचा अवतार आहे म्हणायला हरकत नाही, फक्त त्याला पेंडसे मिळालेले नाहीत.

आता लव्हाळ्याबद्दल एक तक्रार, कादंबरीबद्दल नाही, आपल्या वाचण्याबद्दल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शेकडो माणसं गेली, आणि चार दिवसांत ‘मुंबई स्पिरिट’ हा शब्दप्रयोग सगळीकडे झाला. बघा, पुन्हा लोकल पकडली, बघा, पुन्हा उभे राहिले. लव्हाळ्याची प्रतिमा आपण या स्पिरिटच्या कामाला जुंपली. वाकतात म्हणून टिकतात, तर मग वाकू द्या. पण साटमची नोंद त्या आतल्या बाजूने आहे. वाकण्याला वेळ लागतो, मान दुखते, कधीकधी स्वतःची लाज वाटते. बाहेरून दिसणारी चिवट मुंबई आणि आतून लिहिलेली डायरी यांत हा फरक आहे, आणि म्हणून मला ‘लव्हाळी’ हे कौतुकाचं नाव न वाटता थोडं कडवट वाटलं.

काकांना मी फोनवर ही प्रतिमा सांगितली होती. मोठी झाडं जातात, गवत राहतं वगैरे. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, ‘राहिलंय ना गवत. कमरेएवढं आलंय. गवत खाऊन कुणाचं भागतं गो?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुकोबांचं माणसाच्या वृत्तीबद्दलचं सांगणं खोटं ठरत नाही, पण ज्याचं पोट मोठ्या झाडावर आहे त्याला लव्हाळ्याचं उदाहरण देताना जपून द्यावं, एवढं मी शिकले. आणि ‘गारंबीचा बापू’ व ‘लव्हाळी’ ही दोन पुस्तकं एकत्र वाचायला हवीत हेही मला त्या उत्तराने सुचवलं. एकात झाडं काय मोलाची ते आहे, दुसऱ्यात ती नसताना कसं जगतात ते.

वादळानंतरचा दिवस इतका महत्त्वाचा का, याचं आणखी एक उदाहरण, जे मला त्याच सुमारास सापडलं. इंटरनेटवर जगातल्या सर्वांत भीषण चक्रीवादळांच्या याद्या असतात (पुन्हा याद्या!). त्यात एक ‘१८८२ चं मुंबईचं महावादळ’ भेटतं: जून महिना, एक लाख मृत्यू. हवामानाच्या अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा त्या काळच्या नोंदींत त्याचा मागमूस लागला नाही. ते बहुधा घडलंच नाही. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या घरात होती. लाख गेले असते तर दर आठांतला एक गेला असता. तेव्हा शहरात इंग्रजी, मराठी, गुजराती वर्तमानपत्रं निघत होती, पुण्यात ‘केसरी’ सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. पण दफनाची, दहनाची, मदतफंडाची, पडलेल्या घरांच्या भाड्यावरून झालेल्या तंट्याची एकही बातमी नाही. या वादळाला आकडा आहे, तारीख आहे, पण दुसरा दिवस नाही. त्यावरूनच ते खोटं ओळखू येतं. कथा-कादंबऱ्यांतली किती वादळं या कसोटीला उतरतील?

मला माहीत आहे की मोबाइलवर वाचणाऱ्याला १९५२ आणि १९६६ ची पुस्तकं सुचवणं म्हणजे जरा बाबांच्या कपाटाचा वास येतो. भाषा संथ आहे. गारंबीच्या सुरुवातीच्या पानांत तुम्ही दोनदा तरी नोटिफिकेशन बघाल. ‘लव्हाळी’त तर काही ‘घडत’ नाही अशी भावना पहिल्या शंभर पानांत येईल, आणि ती बरोबरच आहे. पण आपल्या पिढीने नावाची आणि बिननावाची मिळून वर्षभरात तीन वादळं बघितली आहेत. १७ मे २०२१ ला ‘तौक्ते’ समुद्रातूनच मुंबईला घासून गेलं तेव्हाही सोमवार होता. आधीच्या शुक्रवारी अक्षय्य तृतीया आणि रमजान ईद एकत्र आली होती, म्हणजे पुन्हा एक जोडून सुट्टी, पुन्हा याद्या. यावर लिहिणारे कुणी आपल्यातूनच येणार असतील तर त्यांना वाऱ्याचं वर्णन शिकवायची गरज नाही, व्हिडिओ भरपूर आहेत. त्यांना पंचनाम्याची भाषा, ताडपत्रीच्या वर्गणीवरून झालेली भांडणं, विरीपासून झावळीपर्यंत सगळं गेलेल्या आगरात काठी घेऊन हद्द शोधणारा म्हातारा, हे लिहिता यायला हवं. साटमची डायरी त्यासाठी चांगली शाळा आहे.

आमच्या ‘लव्हाळी’ची पानं वाळली पण सरळ झाली नाहीत. पुस्तक आता बंद होत नाही, पंख्यासारखं उघडंच राहतं. बाबा म्हणतात रद्दीत घाल, दुसरी प्रत घेऊ. मी घातलेली नाही.

काकांनी त्या पावसात साठ रोपं लावली होती. पोफळीच जास्त, थोडे नारळ. दुसऱ्या वर्षी डुकरांनी काही उकरली, काही उन्हात गेली, त्या जागी त्यांनी परत लावली. गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉल केला तेव्हा फोन फिरवून आगर दाखवत होते. झाडं डोक्याच्या वर गेली आहेत, पण सुपारी अजून नाही. मागे पांढरं काहीतरी चमकत होतं. मी विचारलं, ते काय? ‘समुद्रच तो,’ म्हणाले, ‘अजून दिसतो. कडेची झाडं वाढायची आहेत.’